जोड कुणाशी लागली ते आधी बघा

प्रश्न: पुतण्या तालमीतला आहे. वजन ९८ किलो, उंची पाच फूट नऊ इंच. कुस्ती सोडून बॉक्सिंगला आला. एका पोराला त्याने दुसऱ्याच राउंडमध्ये आडवं केलं. त्याच पोराने आधी एका उंच पोराला हरवलं होतं. पुढे पुतण्याची त्या उंच पोराशी लढत लागली तेव्हा आम्ही आधीच पेढे आणून ठेवले आणि पुतण्या पाच-शून्य, म्हणजे पाचही पंचांच्या मते, हरला. पंचांचा घोळ म्हणावा तर तसंही दिसलं नाही. हेवीवेटमध्ये, म्हणजे जड वजनगटात, असं कसं होतं? त्याने स्टाइल बदलावी का?

उत्तर: पेढ्यांचं वाईट वाटलं, पण निकालाचं आश्चर्य वाटलं नाही. तुमच्या घरी जे झालं तेच १९७१ ते १९७४ या काळात जगातल्या सगळ्यात मोठ्या तीन हेवीवेटांमध्ये झालं होतं. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने मुहम्मद अलीला पंधरा राउंडांत पॉइंटवर हरवलं आणि शेवटच्या राउंडमध्ये डाव्या हुकवर (बाजूने वळवून मारलेल्या ठोशावर) खालीही पाडलं. जानेवारी १९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा जमीन दाखवली. आता फोरमन अलीचं काय करणार, हे बहुतेकांनी मनात लिहूनच टाकलं होतं. फोरमनच्या नावावर ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अलीने त्याला आठव्या राउंडमध्ये झोपवलं. आणि किंग्स्टनचा निकाल योगायोग होता म्हणाल, तर फोरमन आणि फ्रेझर १९७६ मध्ये पुन्हा भिडले. पुन्हा फोरमनच जिंकला, पाचव्या राउंडमध्ये.

‘स्टाइल्स मेक फाइट्स’, म्हणजे लढत कशी होणार ते दोघांच्या स्टाइलवर ठरतं, हे वाक्य आमच्या जिममधली पोरंही फेकतात. म्हणजे काय रे, असं विचारलं की नावांची यादी सुरू होते: आउटबॉक्सर, स्वॉर्मर, स्लगर, काउंटरपंचर. त्या यादीने कुणाची लढत कळलेली मी तरी पाहिलेली नाही. एकच माणूस पहिल्या राउंडला एक असतो आणि आठव्याला दुसरा. म्हणून मी पोरांना एवढंच विचारतो, की या माणसाला समोरचा किती लांब उभा हवाय? आणि त्या जागेवर पोचेपर्यंत त्याला किती मार खावा लागतो?

आता त्याच तिघांकडे या नजरेने बघा. फ्रेझरला समोरच्याच्या छातीला डोकं लागेल इतकं जवळ हवं असायचं. अलीला जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टोकावर, हात पूर्ण लांब होईल तिथे. फोरमनला यांच्या मधलं अंतर. तिथून कोपर थोडं वाकवून, अंगाचं सगळं वजन घालून मारता येतं.

अलीचा जॅब आला की फ्रेझर गुडघ्यात वाकून त्याखालून आत शिरायचा. अलीची सवय डोकं सरळ मागे ओढायची, हात खाली ठेवायचे. मागे जाणारं डोकं फ्रेझरच्या डाव्या हुकला आयतं सापडायचं. शिवाय फ्रेझरच्या कॉर्नरमधल्या, म्हणजे राउंडांच्या मध्ये त्याला सल्ला देणाऱ्या, एडी फचने एक गोष्ट हेरली होती: अली उजवा अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) मारायला हात खाली घेतो, त्या क्षणी त्याचा उजवा गाल उघडा पडतो. म्हणून फ्रेझरला सांगून ठेवलं होतं, की अपरकट निघाला की त्याच वेळी डावा हुक सोडायचा.

हाच फ्रेझर फोरमनसमोर गेला तेव्हा वाकून येणारं डोकं नेमकं फोरमनच्या अपरकटच्या उंचीवर येत होतं. त्यावर फोरमन मागेही सरकत नव्हता. तो दोन्ही पंजे फ्रेझरच्या खांद्यावर ठेवून त्याला सरळ ढकलून द्यायचा, पुन्हा मधल्या अंतरावर. त्या लढतीचं चित्रण मिळालं तर ठोसे सोडा, ढकलणं बघा. जवळ पोचायला फ्रेझरला जो टप्पा ओलांडायचा होता, तिथेच फोरमनचा मुक्काम होता. धैर्यात फ्रेझर कुठेही कमी नव्हता. सहा वेळा पडून सहा वेळा उठला आणि लढत थांबवेपर्यंत पुन्हा त्याच वाटेने आत जात राहिला.

अलीने फोरमनला तो मधला टप्पा जवळजवळ दिलाच नाही. एक तर लांबून, नाहीतर अगदी चिकटून. पहिल्या राउंडमध्ये त्याने जॅब न टाकता थेट उजव्या हाताने सुरुवात केली. मागच्या हाताला लांबचा रस्ता असतो, म्हणून असं सहसा कुणी करत नाही आणि फोरमनलाही त्याची अपेक्षा नव्हती. मग दोरांवर रेलून वरचं अंग मागे झुकवलं, म्हणजे फोरमनचे ठोसे दंडांवर आणि हातांवर पडू लागले. फोरमन जवळ आला की अली त्याच्या मानेमागे हात घालून डोकं खाली दाबायचा. दोनशे वीस पाउंडांच्या माणसाची मान राउंडमागून राउंड दाबली गेली की पाय आपोआप जड होतात. अली नुसता मार खात राहिला आणि फोरमन दमला, ही गोष्ट लोकांना आवडते, पण ती अर्धीच आहे. अली मधूनमधून नेमके ठोसे देत होता आणि लढत संपली तेव्हा तिन्ही जजांच्या कार्डावर पुढे होता.

केन नॉर्टनचं प्रकरण तर याहून विचित्र. मार्च १९७३ मध्ये त्याने अलीचा जबडा मोडला आणि लढत जिंकली. पुढच्या दोन्ही लढती अलीने जिंकल्या, पण काठावर, आणि १९७६ च्या निकालावर आजही वाद घालणारे आहेत. त्याच नॉर्टनला फोरमनने १९७४ मध्ये काराकासला दोन राउंडांत गुंडाळलं. अलीला हरवताना नॉर्टनचा ट्रेनर पुन्हा एडी फचच होता. त्याचं सांगणं साधं होतं: अली जॅब टाकेल तेव्हा तूही जॅब टाक, कारण जॅब टाकताना त्याचा उजवा हात गालापाशी नसतो. फोरमन अलीसारखा जॅबवर जगत नव्हता, त्यामुळे त्याच्यासमोर त्या युक्तीचा उपयोग शून्य. आणि १९७७ मध्ये जिमी यंग नावाच्या, फारसा जोर नसलेल्या पण हुशार माणसाने फोरमनला बारा राउंड झुलवून पॉइंटवर हरवलं.

हे सगळ्याच वजनगटांत होतं, पण हेवीवेटमध्ये जास्त होतं. खालच्या गटांत समोरासमोर येणारी पोरं जवळजवळ एका मापाची असतात. फ्लायवेट ११२ पाउंड, बँटमवेट ११८ आणि त्यांच्या मध्येही अजून एक गट. हेवीवेट मात्र २०० पाउंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या पुढे सुरू होतं आणि वर छतच नाही. फेब्रुवारी २०२० च्या लढतीत टायसन फ्युरी २७३ पाउंडांचा होता आणि डिऑन्टे वाइल्डर २३१ चा. फरक १९ किलोंचा. खालच्या गटात असा फरक पडला तर लढतच होणार नाही. इथे तो रोजचा आहे. त्यामुळे कोण कुणावर रेलतो, कुणाचा हात किती लांब, कोण किती वेळा आत शिरू शकतो, याची किंमत वाढते. आणि आत शिरताना एकच खाल्ला तर कधी कधी दुसरा खायची वेळच येत नाही.

त्या फ्युरी-वाइल्डरकडे जरा थांबू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये फ्युरी लांब राहून, सरकत, फसवत लढला. बरेचसे राउंड त्याने घेतले, पण बाराव्यात वाइल्डरच्या ठोशाने जवळजवळ गेलाच होता. उठला आणि लढत बरोबरीत सुटली. वाइल्डरचा उजवा हात म्हणजे तोफच, पण ती डागायला त्याला पुढे जागा लागते आणि पाय जमिनीत रोवावे लागतात. लांब राहून फ्युरी त्याला तीच जागा देत होता. २०२० च्या लढतीआधी फ्युरीने ट्रेनर बदलला, नामांकित ट्रेनर इमॅन्युएल स्टुअर्डचा पुतण्या शुगरहिल स्टुअर्डकडे गेला, वजन वाढवलं आणि पहिल्या घंटेपासून पुढे चालत गेला. मागे जाणाऱ्या वाइल्डरच्या हातात तो जोर राहत नाही. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघांनी एकमेकांना धरलेलं असताना, फ्युरी आपलं सगळं वजन त्याच्या मानेवर टाकत होता. सातव्या राउंडमध्ये वाइल्डरच्या कॉर्नरमधून टॉवेल आला, म्हणजे त्यांनी हार मानली.

माणसं तीच, पण लढत वेगळ्या अंतरावर झाली. म्हणून ‘याची स्टाइल त्याला जड जाते’ असं कुणी ठामपणे सांगितलं की मी विचारतो, कुठल्या अंतरावर?

अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझचंही तसंच. जून २०१९ मध्ये जोशुआने तिसऱ्या राउंडमध्ये रुईझला पाडलं आणि आता संपवतोच म्हणून जवळ घुसला. रुईझ बुटका, पोट सुटलेला, पण हात विजेसारखे, आणि जवळची अदलाबदल हेच त्याचं घर. त्याच राउंडमध्ये जोशुआ दोनदा खाली गेला आणि सातव्यात लढत थांबली. डिसेंबरला परत लढत झाली तेव्हा जोशुआ वजन उतरवून आला, बारा राउंड जॅब टाकून बाजूला सरकत राहिला. प्रेक्षक कंटाळले असतील, पण चॅम्पियनपदाचा पट्टा परत आला. रुईझ तेव्हा २८३ पाउंडांचा होता. त्या वजनाने कुणाच्या मागे धावायचं म्हणजे अवघडच.

आता डावखुऱ्यांबद्दल, कारण जिल्हा पातळीवर सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डावखुरा उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभा राहतो. तो समोर आला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांत अडकतात आणि पुढचे हात एकमेकांना आपटतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ रस्ता मिळतो. ओलेक्सांद्र उसिक हा डावखुरा त्या एका पावलावर जगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने जोशुआला हरवलं, तेव्हा सहा फूट सहा इंचांचा जोशुआ त्याच्याशी लांबूनच बुद्धिबळ खेळत बसला होता. वर्षभराने जोशुआने पोट-बरगड्यांवर जास्त मारलं आणि लढत बरीच चुरशीची झाली, तरी उसिकच जिंकला. मे २०२४ मध्ये रियाधला फ्युरीसारखा सहा फूट नऊ इंचांचा माणूसही त्याने हरवला, नवव्या राउंडमध्ये तर फ्युरी दोरांवर लटकत होता. डिसेंबरच्या परतीच्या लढतीआधी काट्यावर, कपड्यांसकट, फ्युरी २८१ पाउंड आणि उसिक २२६. तिन्ही जजांनी ११६-११२ असा उसिकच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे मोठा माणूस नेहमी जिंकतो असंही नाही. मोठ्याला पाय रोवायला वेळच मिळाला नाही तर त्याचं वजन त्याच्याच अंगावर येतं.

एक इशारा देऊन पुतण्याकडे येतो. हेवीवेटमध्ये हे सगळं गणित एका ठोशात पुसलं जाऊ शकतं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ वर्षांचा फोरमन, डावखुऱ्या मायकेल मूररविरुद्ध राउंडमागून राउंड हरत होता. दहाव्यात एक सरळ उजवा बसला आणि फोरमन पुन्हा चॅम्पियन. तेव्हा अंदाज बांधा, पेढे आणू नका.

पुतण्या माझ्या जिममध्ये नाही, पण असा पोरगा मला पाठ आहे. सोलापुरात हेवीवेटला जी पोरं येतात त्यातली बरीचशी तालमीतून येतात. मान जाड, कंबर मजबूत, दम भरपूर, आणि जवळ गेल्यावर हाताला काय करायचं ते आधीपासून ठाऊक: धरायचं. तिथेच घात होतो. असाच एक पोरगा माझ्याकडे एका उंच पोराशी स्पॅरिंग (सरावाची लढत) करत होता. चार जॅब नाकावर घेऊन तो आत पोचायचा आणि पोचला की सवयीने मिठी मारायचा. रेफरी ‘ब्रेक’ म्हणणार, दोघांनी एकेक पाऊल मागे जायचं, की पुन्हा उंच पोराचं अंतर सुरू. राउंड संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘‘सर, जवळ जाईपर्यंतच सगळा मार खातोय की.’’ मी म्हटलं, जातोस ते ठीक आहे, पण गेल्यावर फुकट परत का येतोस?

तुमच्या पुतण्याचं तेच झालं असणार. ज्याला त्याने पाडलं, तो बहुधा स्वतःच जवळ येऊन मारामारी करणारा होता. त्याने अंतर आयतं दिलं. तोच पोरगा त्या उंच पोराला कसा हरवू शकला? आत शिरायचं तंत्र त्याच्याकडे असेल. पुतण्याला ते कधी लागलंच नाही, कारण समोरचा स्वतः चालत आला. ही लढत मी पाहिलेली नाही, पण तीन निकाल जुळवले तर असंच दिसतं.

म्हणून स्टाइल बदलू नका. पाच फूट नऊ इंचांच्या पोराला लांबून नाचायला शिकवणं म्हणजे वर्ष वाया घालवणं. हेवीवेटमध्ये त्याच्या मापाचा आदर्श माइक टायसन आहे, पाच फूट दहा इंच. पण पोरं टायसनचे नॉकआउट बघतात, पाय बघत नाहीत. त्याचा ट्रेनर कस डिअमाटो याने त्याला दोन्ही हात गालाला लावून, डोकं सतत डावी-उजवीकडे हलवत, जॅब टाकतच आत शिरायला शिकवलं होतं. आत पोचल्यावर तो समोर उभा न राहता एक पाऊल बाजूला टाकायचा आणि तिथून मारायचा. हे बाजूचं पाऊल सुटलं आणि डोकं एका जागी थांबलं की काय होतं, ते फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला टायसनला हरवणाऱ्या बस्टर डग्लसच्या लांब जॅबने दाखवलं.

सराव असा घ्या. खांद्याच्या उंचीवर दोन खांबांना सुतळी बांधा आणि तिच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला डोकं काढत पुढे चालायला लावा, प्रत्येक पावलाला एक जॅब. सुतळी डोक्याला लागली तर परत पहिल्यापासून. तालमीतली पोरं कमरेतून वाकतात, नजर जमिनीकडे जाते. वाकायचं गुडघ्यातून आणि डोळे समोरच्याच्या छातीवर. मग ट्रेनरच्या हातातल्या पॅडवर: आत शिरला की पोटात एक, वर हुक, डावं पाऊल बाहेर, पुन्हा पोटात. हात धरायला गेला की पॅडने कानशिलावर हलकी टपली. महिनाभर टपल्या खाल्ल्या की मिठी सुटते. दुपारच्या उन्हात पत्र्याखाली हे करायला लावू नका, पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. सोलापूरच्या उन्हात जड अंगाची पोरं लवकर गळतात आणि दमलेलं पोरगं हमखास मिठी मारतं.

अजून एक. टीव्हीवर बारा राउंडांच्या लढती बघून ‘आधी पोटावर मारून दमवू, मग बघू’ असा बेत करू नका. पोटावरच्या मारामुळे समोरचा गळायला लागतो तो सहसा सहाव्या-सातव्या राउंडनंतर. तुमच्या पोराला तीनच राउंड मिळतात, तीन-तीन मिनिटांचे. पहिला राउंड गेला तर उरलेले दोन्ही घ्यावे लागतात आणि उंच पोरगा तेव्हा पुढे असल्यामुळे नुसता पळतो. पोटावर मारायचं ते गार्ड, म्हणजे तोंडापुढचे हात, खाली आणण्यासाठी, वरचा हुक बसावा म्हणून. सुरुवातच जोरात हवी.

खरी अडचण स्पॅरिंगची आहे. वरच्या वजनगटात जिल्ह्याला एंट्रीच कमी, त्यात उंच आणि जड पोरगा आणखी दुर्मिळ. सगळी रुंद पोरं एकमेकांशी स्पॅरिंग करतात आणि वर्षभर सगळ्यांना वाटतं आपण तयार आहोत. उंच पार्टनर नसेल तर पंचाहत्तर-ऐंशी किलोंचा लांब हाताचा पोरगा घ्या आणि तुमच्या पुतण्याला नियम घाला: जोर लावायचा नाही, फक्त त्याच्या जॅबखालून आत जाऊन तीन ठोसे हलके टेकवायचे आणि न धरता बाजूने बाहेर यायचं. हलका असल्यामुळे तो पोरगा चपळ असतो, आणि चपळ जॅब चुकवता आला की जड पोराचा संथ वाटतो. डावखुरा मिळाला तर सोडूच नका, आठवड्यात एकदा तरी त्याच्याशी राउंड घ्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये सतीश कुमार हा आपला पहिला सुपर हेवीवेट क्वार्टर फायनलला पोचला, तिथे समोर उझबेकिस्तानचा उंच आणि डावखुरा बखोदिर जलोलोव निघाला. सतीश चेहऱ्यावर टाके घालून उतरला, तरी पाच-शून्य हरला. त्या पातळीवर असा माणूस समोर येणारच, मग त्याची ओळख जिममध्येच व्हायला हवी.

पुढच्या स्पर्धेचा ड्रॉ (कोण कुणाशी लढणार ती यादी) हातात आला की समोरच्या पोराची एखादी लढत मोबाइलवर मिळवा आणि आवाज बंद करून बघा. तो मागे सरकताना सरळ मागे जातो की बाजूला? जॅब टाकल्यावर हात गालापाशी परत येतो की कमरेला? १९३६ मध्ये जो लुईसचा डावा हात जॅबनंतर खाली राहतो एवढंच मॅक्स श्मेलिंगने हेरलं होतं आणि बाराव्या राउंडमध्ये त्याला झोपवला होता. दोन वर्षांनी लुईसने पहिल्याच राउंडमध्ये हिशोब चुकता केला, ती गोष्ट वेगळी. पुतण्याने त्या उंच पोराची हीच दोन उत्तरं कागदावर लिहून आणली, तर पुण्याला जाऊन दोन-चार दिवस उंच पार्टनरशी राउंड घ्यायचा खर्च करा. आणली नाहीत तर आधी ती आणायला लावा.